इझाकियास केइरोस: पाचशे मीटरचा जगज्जेता, पाचशे नसलेल्या काळात

चौकस

इझाकियास केइरोस या ब्राझीलच्या कनूपटूबद्दल कुठेही वाचायला घ्या, पहिल्याच परिच्छेदात मूत्रपिंड येतं. लहानपणी अंगावर उकळतं पाणी सांडलं, एकदा त्याला कुणीतरी पळवून नेलं, दहाव्या वर्षी साप बघायला झाडावर चढला तो खाली खडकावर पडला आणि एक मूत्रपिंड काढावं लागलं. सगळं खरं आहे. पण एवढं सांगून झालं की लिहिणाऱ्यांचा दम संपतो, आणि हा माणूस होडीत नक्की करतो काय ते राहूनच जातं. म्हणून मी दुसऱ्या टोकाने सुरुवात करतो.

जन्म ३ जानेवारी १९९४, बाहिया राज्यातलं उबायताबा हे गाव. ऑलिंपिक पदकं पाच. २०१६ रिओ: सी-१ १००० मीटर रौप्य, सी-१ २०० मीटर कांस्य, सी-२ १००० मीटर रौप्य (जोडीदार एर्लोन दे सोउझा). टोकियो: सी-१ १००० सुवर्ण. पॅरिस: सी-१ १००० रौप्य. रिओच्या आधी ब्राझीलला कनू-कयाकमध्ये एकही ऑलिंपिक पदक नव्हतं, आणि एकाच ऑलिंपिकमध्ये तीन पदकं मिळवणारा तो त्या देशाचा पहिलाच खेळाडू.

आता माझा मुद्दा. या यादीत ५०० मीटर कुठेही नाही, आणि त्याची हुकमी शर्यत मात्र तीच! सी-१ ५०० मध्ये तो २०१३ (डुइसबर्ग), २०१४ (मॉस्को), २०१८ (पोर्तुगालमधलं मोंतेमोर-ओ-वेल्यो) आणि २०२२ (हॅलिफॅक्स) असा चार वेळा जगज्जेता झाला. पुरुषांची सी-१ ५०० ऑलिंपिकमध्ये शेवटची झाली ती २००८ ला बीजिंगमध्ये. लंडनपासून ती काढून तिथे २०० मीटर आणली. पोरगं मोठं होऊन दारात येईपर्यंत त्याचं अंतर घरातून गेलेलं होतं.

मग त्याने काय केलं? ५०० च्या खालचं २०० धरलं आणि वरचं १००० धरलं. धावण्याच्या भाषेत सांगायचं तर सी-१ २०० म्हणजे ४० सेकंदांच्या आतबाहेर, साधारण ४०० मीटर धावण्याएवढा वेळ. सी-१ १००० म्हणजे चार मिनिटांच्या आसपास, म्हणजे १५०० मीटर. मधली ५०० ही ८०० मीटरच्या धावकाची शर्यत. तर कल्पना करा, ८०० चा जगज्जेता आहे, ऑलिंपिकमध्ये ८०० नाहीच, आणि हा गडी एकाच आठवड्यात ४०० ला कांस्य आणि १५०० ला रौप्य घेऊन येतो. वर जोडीच्या शर्यतीत आणखी एक रौप्य. हे माझ्या मते मूत्रपिंडापेक्षा मोठं आश्चर्य आहे.

चर्चा करू या. पदकांत सर्वांत मोठं कुठलं यावर माझं मत आहे, पण ते नंतर.

निळावंती

छान धागा. पण आधी माझ्यासारख्यांसाठी पहिलीचा धडा घ्या. कनू आणि कयाक यांत फरक काय? आणि सी-१, सी-२ म्हणजे? मला टीव्हीवर सगळ्याच लांबट होड्या दिसतात.

दर्यावर्दी

निळावंती, सोपं आहे. कयाकमध्ये माणूस बसलेला असतो, हातातल्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं, आणि होडीला पायाने फिरवायचं सुकाणू. कनूमध्ये एक गुडघा टेकलेला, दुसरं पाऊल पुढे, वल्ह्याला एकच पातं, आणि अख्खी शर्यत वल्हं एकाच बाजूला. सुकाणू नाही. निकालात के म्हणजे कयाक, सी म्हणजे कनू, पुढचा आकडा होडीत किती माणसं त्याचा.

आता गंमत बघा. एकाच बाजूने वल्हवलं की होडीचं नाक दुसरीकडे वळणारच. ते सरळ ठेवायचं काम वेगळं करायला वेळ नसतो, ते त्याच फटक्याच्या शेपटीत उरकायचं. पातं पाण्याबाहेर काढायच्या आत मनगट वळवून ते होडीपासून किंचित बाहेर ढकलायचं. जास्त ढकललं तर वेग मेला, कमी ढकललं तर होडी लेनच्या कडेला. लेन नऊ मीटर रुंद असते, ऐकायला भरपूर वाटते, पण पाच मीटरांहून लांब होडी तिरकी झाली की ती पुरत नाही. मिनिटाला साठेक फटके, आणि प्रत्येकात ही दुरुस्ती.

दुसरं म्हणजे फटका हाताने मारायचा नसतो. पातं जितकं पुढे जाईल तितकं पुढे पाण्यात रोवायचं, त्या क्षणी धड पार वाकलेलं असतं. मग धड उभं होत येतं, कंबर पुढे येते आणि होडी पात्याला ओलांडून सरकते. जमिनीत खुंटी ठोकावी आणि तिला धरून स्वतःला पुढे ओढावं, तसं. नवखा माणूस पाणी मागे ढकलतो, तरबेज माणूस होडी पुढे नेतो.

आणि हे सगळं एका गुडघ्यावर. ती होडी इतकी अरुंद की नुसतं तिच्यात न पडता बसायला शिकण्यातच नवख्याचा बराच काळ जातो.

निळावंती

हे वाचून मी परत जाऊन व्हिडिओ बघितला. कंबरेचं अगदी खरं आहे! हात जवळपास सरळच राहतात. धन्यवाद.

खवचट

एक शंका, हलकेच घ्या. टोकियोत साहेबांनी ४ मिनिटे ०४.४०८ सेकंद लावले आणि सुवर्ण मिळालं. पॅरिसमध्ये ३ मिनिटे ४४.३३ सेकंद, आणि रौप्य. वीस सेकंदांनी सुधारून माणूस खाली कसा आला? की टोकियोत बाकीचे झोपले होते?

दर्यावर्दी

खवचटराव, हा खेळ उघड्या पाण्यावर चालतो. समोरून वारा असेल तर दहा-पंधरा सेकंद कुठे गेले कळत नाही, मागून असेल तर तेवढेच फुकट मिळतात. पाणी किती खोल, किती थंड, यानेही फरक पडतो. म्हणूनच या खेळात जाणकार लोक वेळेपेक्षा अंतर बघतात: दुसऱ्यापासून किती पुढे, पहिल्यापासून किती मागे. रिओत त्याची वेळ ३ मिनिटे ५८.५२९ होती आणि सुवर्णविजेता, जर्मनीचा सेबास्टियान ब्रेंडेल ३:५६.९२६. तीन ऑलिंपिक, तीन वेगळी पाणी.

वारा आडवा असेल तर आणखीच वैताग. डाव्या बाजूने वल्हवणाऱ्याला आणि उजव्या बाजूने वल्हवणाऱ्याला तोच वारा सारखा लागत नाही. एकाला तो नाक सरळ ठेवायला मदत करतो, दुसऱ्याला दर फटक्याला दंड भरायला लावतो.

खवचट

म्हणजे हरल्यावर सांगायला कारण तयार. खेळ आवडला. :)

बापू_७१

१००० मीटर, चार मिनिटं, आणि याला स्प्रिंट म्हणायचं? आमच्या वेळी स्प्रिंट म्हणजे शंभर मीटर.

चौकस

बापू, सरळ, साचलेल्या पाण्यावर, आखलेल्या लेनमध्ये होते ती स्प्रिंट. फेसाळत्या पाण्यात दारांमधून वाट काढत जायचं ते स्लॅलम. नाव अंतरावरून नाही, पाण्यावरून आहे. पण तुमची शंका अगदीच वावगी नाही. १००० वाला सुरुवातीला जीव तोडून होडी उचलतो, मग मधले सहाशे-सातशे मीटर एका लयीत काढतो आणि शेवटी पुन्हा उचलतो. २०० वाल्याला मधलं काही नसतंच. म्हणून तर म्हणतो, दोन्हीकडे पदक घेणं सोपं नाही. २०० साठी दणकट, वजनदार अंग लागतं, ते १००० ला ओझं होतं.

अनुजा

मी थोडं मोरलानबद्दल लिहिते, त्यांच्याशिवाय ही गोष्ट अर्धी आहे.

खेसूस मोरलान हे स्पेनचे प्रशिक्षक. त्यांचा आधीचा शिष्य दाविद काल. कालची पदकं बघा: २००४ अथेन्स सी-१ १००० सुवर्ण आणि सी-१ ५०० रौप्य, २००८ बीजिंगला त्याच दोन शर्यतींत दोन रौप्य, २०१२ लंडनला १००० मध्ये पुन्हा रौप्य. एकूण पाच. म्हणजे एकाच माणसाला दोन अंतरांसाठी एकाच वेळी तयार करण्याचं गणित मोरलाननी आधी सोडवलेलं होतं. २०१३ मध्ये ते ब्राझीलला आले. त्या वेळी इझाकियास एकोणीस वर्षांचा. २०११ मध्ये ब्रांडेनबुर्गला तो सी-१ २०० चा ज्युनियर जगज्जेता झालेला होता, म्हणजे पोरात दम आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ज्युनियरचे जगज्जेते पुढे गायब होतात तसं याचंही होऊ शकलं असतं.

मोरलान आले त्याच वर्षी डुइसबर्गला पहिलं सीनियर विश्वविजेतेपद. चौकस यांच्या लाडक्या ५०० मध्येच!

पुढे मिनास जेराइस राज्यातल्या लागोआ सांता इथल्या तळ्यावर संघाचा तळ पडला. बाहियाच्या नदीकाठची मुलं, घरापासून लांब, एका तळ्याभोवती वर्षानुवर्षं. एर्लोनही उबायताबाच्या जवळच्याच उबाता गावचा. एकाच नदीच्या टापूतून ऑलिंपिक पदकाची अख्खी जोडी निघाली.

रिओनंतर मोरलानना मेंदूत गाठ असल्याचं निदान झालं. उपचार चालू असतानाही ते शिकवत राहिले. २०१८ च्या नोव्हेंबरात ते गेले. पुढे संघाची सूत्रं त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या लाउरो दे सोउझा यांच्याकडे आली. २०१९ ला सेगेदमध्ये इझाकियास पहिल्यांदा सी-१ १००० चा जगज्जेता झाला, आणि २०२१ च्या ७ ऑगस्टला टोकियोत सुवर्ण. ते त्याने मोरलानना वाहिलं, आणि कोविडमध्ये गेलेल्या ब्राझीलच्या लोकांना. म्हणून माझ्या मते सर्वांत मोठं पदक टोकियोचं. त्यावर वाद नको.

खवचट

वाद नको म्हटलं की धागा शंभरी गाठतो. :)

चौकस

अनुजा, +१, विशेषतः कालच्या मुद्द्याला. बीजिंगपर्यंत ५०० आणि १००० अशी जोडी शिकवायची असायची, ती शेजारची अंतरं. मोरलानना रिओसाठी मात्र २०० आणि १००० ची मोट बांधावी लागली. ते जास्त अवघड.

टोकियोबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. ते सुवर्ण मोठं आहेच. पण त्या फायनलमध्ये पदकांच्या झटापटीत ब्रेंडेल नव्हता. चीनचा लिउ हाओ रौप्य, मोल्दोव्हाचा सेर्गेई तार्नोव्स्की कांस्य. चांगले खेळाडू, पण इझाकियास त्या दिवशी सरळ सरळ वरचढ होता. कस लागला तो पॅरिसला.

अनुजा

प्रतिस्पर्धी फायनलपर्यंत आला नाही हा इझाकियासचा दोष कसा? आणि वरचढ असणं हा गुन्हा आहे का? चार वर्षं ज्याच्यासाठी तयारी केली, एक वर्ष पुढे ढकललं गेलं, प्रशिक्षक नाही, जोडीदार एर्लोन कंबरेच्या दुखापतीने बाहेर, त्याच्या जागी जाकी गोजमानला घेऊन सी-२ १००० उतरले आणि चौथे आले. म्हणजे पदक हुकल्याची ठसठस ताजी असताना सी-१ च्या फायनलला उभं राहायचं होतं. आणि माणूस वरचढ दिसला. यालाच कस म्हणतात हो.

गोळी_औषध

मूत्रपिंडाचा विषय टाळायचा म्हणता, पण त्यावर वैद्यकीय बाजू कुणी मांडलीच नाही म्हणून चार ओळी.

लहानपणी एक मूत्रपिंड गेलं तर दुसरं आकाराने वाढतं आणि बरंचसं काम अंगावर घेतं. दोघांचं मिळून जे काम होतं त्याच्या जवळपास सत्तर-ऐंशी टक्के ते एकटं करू शकतं. तेवढ्यात माणूस धडधाकट आयुष्य काढतो. खेळाडूच्या बाबतीत काळज्या वेगळ्या. एक, पोटाला-कंबरेला थेट मार बसेल असे खेळ जपून. कनूत तो धोका फारसा नाही. दोन, पाणी कमी पडता कामा नये. उन्हातल्या तासन्‌तासांच्या सरावात ही मोठी गोष्ट आहे. तीन, वेदनाशामक गोळ्या. खेळाडू लोक खांदा-पाठ दुखली की सर्रास घेतात, एक मूत्रपिंड असलेल्याला ती चैन परवडत नाही. आणि कनूपटूची पाठ दुखत नाही असा दिवस बहुधा नसतो.

म्हणजे 'मूत्रपिंड नसूनही जिंकला' हे वाक्य थोडं भाबडं आहे. शर्यतीच्या चार मिनिटांत त्याला काही कमी पडत नाही. कमी पडू शकतं ते शर्यतींच्या मधल्या वर्षांत, दुखणी दाबून सराव करण्याच्या मुभेत.

चौकस

गोळी_औषध, हे मात्र वाचायला हवं होतं. अशा तपशिलाला माझी कधीच ना नाही. माझा राग 'बिचारा' या सुराचा आहे.

निळावंती

पण ते बालपण पूर्ण बाजूला कसं ठेवता येईल? वडील लवकर गेले, आईने एकटीने वाढवलं. वयाच्या अकराव्या वर्षी सरकारी योजनेतून चालणाऱ्या क्रीडा प्रकल्पात कोंतास नदीवर पहिल्यांदा होडीत बसला. तो प्रकल्प त्या गावात नसता तर? सुर आवडला नाही म्हणून गोष्टच वगळायची का?

चौकस

प्रकल्पाचं बरोबर आहे, आणि त्याबद्दल लिहायला हवं. फिगेरोआ कॉन्सेयसाओ हे त्याचे पहिले प्रशिक्षक, तेही उबायताबातलेच. लोक त्यांच्यावर दोन ओळी लिहितात आणि सापावर दहा. माझी तक्रार एवढीच.

झुळूक

मॉस्को २०१४ चं काय? धाग्याच्या सुरुवातीला मॉस्को म्हणजे सुवर्ण, पण तिथलीच सी-१ १००० ची फायनल विसरलात. इझाकियास सर्वांत पुढे, रेषा समोर, आणि तोल जाऊन पठ्ठ्या पाण्यात! होडीत माणूस नसेल तर निकाल नाही. सुवर्ण ब्रेंडेलला. मला तर वाटतं, अशी शर्यत गमावल्यावर दोन वर्षांनी रिओत त्याच ब्रेंडेलशेजारी उभं राहायचं हेच त्याच्या कारकिर्दीतलं सर्वांत कठीण काम.

दर्यावर्दी

झुळूक, त्या पडण्यामागे थोडं शास्त्र आहे. हजार मीटरच्या शेवटी दंडातली ताकद जाते हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच्या आधी जाते ती बारीक दुरुस्ती. वर लिहिलं ती मनगटाची वळण. मांड्या थरथरायला लागतात, टेकलेला गुडघा आणि पुढचं पाऊल यांतलं वजन इकडेतिकडे होतं. सपाट पाण्यात एवढ्याने भागतं, जरा लाट आली की गेलात.

त्यात कनूत शेवटचा डाव असतो होडी फेकण्याचा. रेषेच्या अगदी तोंडाशी शेवटचा फटका मारून कंबरेने होडी पुढे ढकलायची आणि अंग मागे टाकायचं. होडीचं नाक आधी रेषा ओलांडतं, त्या ढकलण्याने काही सेंटीमीटर मिळतात. पण त्या क्षणी माणूस होडीत जेमतेम असतो. २०० मीटरमध्ये तर हे हमखास दिसतं. रेषा ओलांडल्या ओलांडल्या धपाधप पाण्यात पडणारे बघा, ते दमून पडलेले नसतात, फेकाफेकीचा हिशेब असतो. फक्त तो रेषेनंतर पडायला हवा.

निळावंती

आता मला रिओची २०० परत बघायची आहे.

दर्यावर्दी

जरूर बघा. युक्रेनचा युरी चेबान पहिला, अझरबैजानकडून उतरलेला वालेन्तिन देम्यानेन्को दुसरा, इझाकियास ३९.६२८ सेकंदांत तिसरा. चौथ्याचं आणि त्याचं अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागांत. होडी फेकणं कशासाठी शिकायचं ते तिथे कळतं. आणि लक्षात घ्या, १६ ऑगस्टला १००० ची फायनल, १८ ला ही, २० ला सी-२ १००० ची. बराच वेळ पुढे असलेल्या ब्राझीलच्या जोडीला शेवटच्या टप्प्यात ब्रेंडेल आणि यान फांद्रे यांनी गाठलं. २१ ला समारोपाच्या सोहळ्यात झेंडा इझाकियासच्या हातात होता.

बापू_७१

मग २०० ला पदक होतं तर टोकियोत ती का नाही खेळला? रौप्य-कांस्य काहीतरी मिळालं असतं.

चौकस

बापू, शर्यतच राहिली नव्हती. हेच तर म्हणतोय. लंडनच्या वेळी ५०० गेली, टोकियोच्या वेळी २०० गेली. बिचाऱ्याच्या... (बघा, माझ्याच तोंडी आलं) ...पायाखालचं पाणी काढून घेतलं दोनदा. आणि पॅरिसला तर मजाच: पुरुषांच्या सी-२ साठी १००० काढून ५०० आणली. म्हणजे त्याचं अंतर सोळा वर्षांनी परत आलं, पण दोघांच्या होडीत! गोजमानबरोबर फायनल गाठली, पदकाच्या आसपास मात्र नव्हते.

रेवा

एक मिनिट. २०० काढली म्हणून हळहळताय, पण ती का काढली ते कुणीच लिहीत नाही. रिओपर्यंत स्प्रिंटच्या बारा शर्यतींपैकी आठ पुरुषांच्या आणि चारच बायकांच्या होत्या. त्या चारही कयाकच्या. बायकांना ऑलिंपिकमध्ये कनू चालवायलाच मिळत नव्हती! टोकियोत सहा-सहा झाल्या, बायकांची सी-१ २०० आणि सी-२ ५०० आली. जागा कुठून काढणार? पुरुषांच्या यादीतूनच.

चौकस

त्याला माझा विरोध नाही, रेवा. मी म्हणतोय एवढंच की त्याचा फटका याला बसला.

रेवा

फटका बसला हे मान्य. पण 'पायाखालचं पाणी काढून घेतलं' या भाषेत ते अन्यायासारखं वाचलं जातं. जगातल्या सगळ्या कनू चालवणाऱ्या बायकांच्या पायाखाली पाणी नव्हतंच, १९३६ पासून, जेव्हा हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. आणि आलेल्या शर्यती रटाळ आहेत म्हणाल तर पॅरिसची बायकांची सी-१ २०० बघा. कॅनडाची केटी व्हिन्सेंट ४४.१२, अमेरिकेची नेव्हिन हॅरिसन ४४.१३. शंभराव्या एका भागाने सुवर्ण. हॅरिसन टोकियोची विजेती होती, तेव्हा वय एकोणीस.

खवचट

रेवाताईंना दुजोरा. शिवाय फटका त्याला एकट्याला नाही बसला, चेबानचीही २०० गेलीच की. मात्र चेबानकडे १००० नव्हती, याच्याकडे होती. हा फरक महत्त्वाचा.

अनुजा

खवचट, तुम्ही चुकून चांगला मुद्दा मांडलात. दोन टोकांवर पाय ठेवून उभं राहण्याचा फायदा हाच. एक टोक गेलं तरी माणूस पडला नाही.

झुळूक

ब्रेंडेलबद्दल आणखी एक. इतकी वर्षं ज्याच्याशी झुंजला, मॉस्कोत ज्याला सुवर्ण गेलं, रिओत ज्याने दोनदा हरवलं, त्याच्यावरून इझाकियासने आपल्या थोरल्या मुलाचं नाव सेबास्टियान ठेवलं. धाकट्याचं लुइजी.

बापू_७१

वा! हे आवडलं. असे खेळाडू हवेत.

खवचट

मग पॅरिसला ज्याने हरवलं त्या मार्टिन फुक्साला का नाही मान दिला? लुइजीच्या जागी मार्टिन चाललं असतं.

चौकस

आता माझं मत सांगायची वेळ झाली. पॅरिस, ९ ऑगस्ट २०२४, वेर-सुर-मार्न.

चेक प्रजासत्ताकचा मार्टिन फुक्सा. इतकी वर्षं पदरात विश्वविजेतेपदं आणि ऑलिंपिक पदक एकही नाही, असा हा माणूस. तोही मुळात ५०० चाच गडी! म्हणजे ज्या शर्यतीला ऑलिंपिकमध्ये जागा नाही तिचे दोन बादशहा १००० वर भेटले. फुक्साने ३:४३.१६ ची वेळ देत सुवर्ण नेलं, ते शंभर टक्के त्याचं होतं. पण नजर मागे ठेवा. शेवटचे अडीचशे मीटर उरेपर्यंत इझाकियास पदकांच्या बाहेर आहे. तीस वर्षांचा, २०२३ चं वर्ष सराव कमी करून बायकोमुलांना दिलेला, त्या वर्षी जागतिक स्पर्धेत पदक नाही. लोक म्हणतच होते की संपला. आणि मग तो उचलतो. फटक्यांची गती वाढते तशी बहुतेकांची लांबी कमी होते, घाईघाईने पाणी खरवडल्यासारखं होतं. याची लांबी तेवढीच राहते. एकेक होडी मागे टाकत शेवटी तार्नोव्स्कीला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याने मागे ठेवून तो दुसरा: ३:४४.३३ विरुद्ध ३:४४.६८.

हे अडीचशे मीटर म्हणजे रिओतला २०० वाला इझाकियास. ती शर्यत यादीतून गेली, पण त्याच्या अंगात राहिली होती. म्हणून माझ्या लेखी त्याचं सर्वांत मोठं पदक हे रौप्य.

अनुजा

लिहिलंय झकास, पटलं नाही. मागून येऊन दुसरा येणं दिसायला भारी असतं. पुढे राहून पहिला येणं टीव्हीवर कंटाळवाणं दिसतं, पण तेच करायचं असतं ना? मोरलान असते तर त्यांनी विचारलं असतं, पहिले सातशे मीटर कुठे होतास?

दर्यावर्दी

मी अनुजाताईंच्या बाजूने झुकतोय. मात्र एक गोष्ट चौकस यांच्या पदरात. फुक्साने पॅरिसला ज्या वेगाने शर्यत सुरू केली त्याच्यामागे आंधळेपणाने धावणारे शेवटी फुटले. इझाकियास मागे राहिला तो ठरवून की नाइलाजाने, हे होडीतल्या माणसालाच माहीत. पण सम गतीने काढलेली १००० ही या खेळातली सर्वांत अवघड विद्या आहे.

बापू_७१

पाच पदकं म्हणजे ब्राझीलमध्ये सर्वांत जास्त का?

झुळूक

नाही बापू. जिम्नॅस्ट रेबेका आंद्रादे सहा पदकांवर आहे, त्यातली चार पॅरिसची. म्हणजे रिओतला एका ऑलिंपिकमध्ये तीन पदकांचा विक्रमही तिनेच मोडला. इझाकियास पाचवर, नौकानयनातल्या रॉबर्ट शाइट आणि तोर्बेन ग्राएल यांच्या बरोबरीने. पॅरिसच्या उद्घाटनाला झेंडा धरणाऱ्या दोघांत तो होताच, दुसरी रग्बीची राकेल कोशमान.

रेवा

पाच पदकांच्या तिघांतले तिघेही पाण्यावरचे. शिडाच्या होडीवाल्यांचा देश म्हणून ओळख होती, आता वल्ह्यालाही जागा मिळाली.

निळावंती

सगळ्यांचे आभार, तिन्ही शर्यती बघून झाल्या. अनुजाताईंचं टोकियो बघितलं, चौकस यांचं पॅरिस बघितलं. मला रिओची २०० सर्वांत आवडली. ३९ सेकंदांत गणित, फेकाफेक आणि फोटोफिनिश सगळं आहे. आता दोघांनी मिळून माझ्याशी भांडा.

खवचट

शंभरी नक्की. मी खुर्ची ओढून बसतो.

चौकस

निळावंती, ती शर्यत कितव्यांदा बघून हे मत झालं ते सांगा, मग भांडायचं ठरवतो. आणि पुढच्या वेळी चौथ्या आलेल्या स्पेनच्या खेळाडूवर नजर ठेवून बघा. त्याने होडी कधी फेकली ते बघा.